उजेड मोजायचा, माणूस नाही

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते. तिच्यावर हिरव्या रंगात ‘ऑटो’ असतं, डोंगर, फूल, पळणारा माणूस अशी छोटी चित्रं असतात आणि एका कोपऱ्यात नुसतं ‘एम’ हे अक्षर असतं. एम म्हणजे मॅन्युअल. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एखादा कॅमेरा असतो. कुणाच्या तरी लग्नाच्या किंवा परदेशवारीच्या निमित्ताने घेतलेला. त्याची चकती बहुधा घेतल्या दिवसापासून ऑटोवरच असते. मी गेलं वर्षभर ती एमवर ठेवून फोटो काढायला शिकते आहे. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींना सांगावंसं वाटलं, कारण ते फक्त कॅमेऱ्याबद्दल नाही, आपल्या घरातल्या माणसांबद्दलही आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बी.ई. इंदूरलाच केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि घरून काम करायची सोय झाल्यावर रामबागेत आईबाबांकडे परत आले. दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे आणि डोकं दोन्ही आंबतात, म्हणून गेल्या फेब्रुवारीत रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. वर्गात आम्ही अकरा जण. कॉलेजची दोन मुलं, एक दातांच्या डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, सराफ्यातल्या पेढीवरचा एक मुलगा ज्याला दागिन्यांचे फोटो स्वतः काढायचे आहेत, असा सगळा मेळा. शिकवणारे सर साठी ओलांडलेले, जुने वर्तमानपत्री फोटोग्राफर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “तीन महीने चकती एम पर रहेगी. शुरू में फोन से अच्छी फोटो आएगी. आने दो.”

तीन आकडे

फोटो म्हणजे सेन्सरवर पडलेला उजेड. तो किती पडेल हे दोन गोष्टी ठरवतात. लेन्सचं भोक किती मोठं आहे, आणि ते किती वेळ उघडं राहतं. पहिल्याला अ‍ॅपर्चर म्हणतात, दुसऱ्याला शटर स्पीड. तिसरा आकडा आयएसओ. तो उजेड वाढवत नाही, आलेल्या उजेडाचा सिग्नल वाढवतो. जुन्या टेपरेकॉर्डरवर हळू भरलेली कॅसेट मोठ्याने लावली की गाण्याबरोबर खरखरही मोठी ऐकू येते ना, तसंच कमी उजेडात आयएसओ वाढवला की फोटोत दाणे दिसू लागतात.

शटरचे आकडे सरळ आहेत. १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद. प्रत्येक पायरीला वेळ निम्मा. आयएसओसुद्धा सरळ. १००, २००, ४००, ८००. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र पहिल्या भेटीत चक्रावून टाकतात. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. शिवाय आकडा वाढला की भोक लहान होतं!

हे कोडं सोडवायला शाळेतलं गणित पुरतं. एफ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचं भोक. एफ/४ म्हणजे साडेबारा मिलिमीटर. आकडा भाजकात आहे, म्हणून तो वाढला की भोक लहान. आता उजेड व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यासाला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.४ने, भागावं लागतं. म्हणून १.४, मग २, मग २.८, मग ४. प्रत्येक आकडा आधीच्याच्या १.४ पट. कॉलेज सुटल्यापासून हे वर्गमूळ मला कुठे भेटलं नव्हतं, ते थेट लेन्सवर कोरलेलं सापडलं.

तर तिन्ही आकड्यांची एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगायचं तर बायनरी आकडा एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवणं. एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं. एकाने एक स्टॉप काढून घेतला तर दुसऱ्याने तो भरून द्यायचा. एफ/१६ आणि १/१२५, एफ/११ आणि १/२५०, एफ/८ आणि १/५००, एफ/५.६ आणि १/१०००. या चारही जोड्यांनी सेन्सरवर सारखाच उजेड पडतो.

राजवाड्यासमोर, मीटरशिवाय

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला सरांनी आम्हाला राजवाड्यासमोर उभं केलं. कॅमेऱ्यात उजेड मोजणारं मीटर असतं, त्याच्याकडे बघायचं नाही अशी अट. फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक नियम त्यांनी दिला. स्वच्छ ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर ‘एक भागिले आयएसओ’. आयएसओ १०० असेल तर १/१०० किंवा त्याच्या शेजारचं १/१२५. बस.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. एवढ्या नियमावर फोटो काढला आणि दगडाचा करडा, लाकडाचा तपकिरी, आकाशाचा निळा, सगळे जिथल्या तिथे आले. मग दरवाजाच्या सावलीत जाऊन तोच प्रयोग. सावलीत तीनेक स्टॉप कमी, म्हणजे एफ/१६वरून एफ/५.६. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली आणि मेंदू मिळून तो लगेच भरून काढतात. कॅमेऱ्याला मात्र तो सांगावा लागतो. त्या दिवसापासून मी ऊन-सावली ‘स्टॉप’मध्ये बघायला लागले. भाजी घ्यायला गेले तरी मनात हिशोब चालू.

चहाच्या टपरीवर सरांनी लाला दीनदयाळ यांची गोष्ट सांगितली. भारतातल्या सुरुवातीच्या सर्वात नावाजलेल्या फोटोग्राफरांपैकी हे एक. जन्म १८४४ सालचा, मीरतजवळच्या सरधन्याचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६मध्ये इथे आपल्या इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागले. कॅमेरा हातात घेतला तो १८७४च्या सुमारास, म्हणजे तिशीत, नोकरी सांभाळून! महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी फोटोग्राफर झाले, ‘राजा’ ही पदवी मिळाली, आणि इंदूर, सिकंदराबाद, मुंबई इथे त्यांचे स्टुडिओ उभे राहिले. आपल्या हैदराबादच्या मंडळींना हे नाव चांगलंच परिचयाचं असेल. काचेच्या जड प्लेटांवर, कॅमेऱ्यात मीटर नसताना, फक्त उजेड वाचून त्यांनी राजवाडे, मंदिरं आणि माणसं टिपली. तिशीत काहीतरी नवं शिकायला लागलेल्या इंजिनिअरला याहून चांगला धीर कोण देणार?

गेरमधला गुलाल

सारखाच उजेड देणाऱ्या इतक्या जोड्या आहेत, तर निवड कशी करायची? याचं उत्तर रंगपंचमीच्या गेरमध्ये मिळालं.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास गेर निघते. ट्रकवरच्या यंत्रांमधून गुलाल आणि रंगाचं पाणी कित्येक मजले उंच उडतं आणि खाली माणसांचा समुद्र असतो. आम्ही कॅमेरे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका ओळखीच्या गच्चीवरून गल्लीच्या सावलीतली गर्दी टिपत होतो. आधी एफ/५.६, १/१००० आणि आयएसओ ८०० ठेवला. गुलालाचा कण न् कण हवेत थिजला, एका मुलाच्या केसांतून उडालेले थेंब मोजता येतील असे. मग एफ/११, १/३० आणि आयएसओ १००. उजेडाचा हिशोब तंतोतंत तोच, पण आता गुलालाचा लाल धूर झाला, नाचणारे हात पुसट झाले आणि मध्ये स्थिर उभा असलेला एक पोलीस तेवढा स्पष्ट राहिला.

दोन्ही फोटो सारखेच उजळ, आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगणारे. ऑटोवर कॅमेऱ्याने यातला एकच दिला असता, आणि कुठला, ते त्याने ठरवलं असतं. वेळ थिजवायचा की वाहू द्यायचा हे शटर ठरवतं. मागचं धूसर करायचं की पुढेमागे सगळं स्पष्ट ठेवायचं हे अ‍ॅपर्चर ठरवतं. आपल्याला काय सांगायचं आहे ते आधी ठरवायचं, आकडे नंतर.

पांढरा अभ्रा, काळी चंद्रकळा

तीन महिन्यांनी मीटर बघायची परवानगी मिळाली, पण आधी ते कसं विचार करतं ते शिकवलं गेलं. गृहपाठ होता तीन फोटोंचा. फ्रेम पूर्ण भरेल असा एक पांढरा कपडा, एक काळा आणि एक करडा. तिन्ही एकाच खिडकीपाशी, प्रत्येक वेळी मीटर शून्यावर आणून. मी उशीचा पांढरा अभ्रा, आईची काळी चंद्रकळा आणि बाबांची करडी शाल घेतली.

तिन्ही फोटो करडे आले. अभ्रा करडा, चंद्रकळा करडी, शाल तर करडी होतीच.

कारण असं. कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं. समोर पांढरं आहे की काळं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ते धरून चालतं की जगातली प्रत्येक गोष्ट सरासरी मध्यम करडी आहे, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारी. पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, ते कमी करतं. काळं दिसलं की वाटतं अंधार आहे, ते वाढवतं. नवे कॅमेरे आणि फोन यापेक्षा हुशार आहेत, चेहरा ओळखतात, हजार गोष्टी ताडून बघतात. तरी त्यांची ओढ मधल्या करड्याकडेच असते. पांढऱ्याला पांढरं ठेवायचं तर मीटर सांगतं त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त द्यावे लागतात, काळ्याला काळं ठेवायचं तर तेवढेच कमी.

“मीटर झूठ नहीं बोलता,” सर म्हणाले, “औसत बोलता है.” आणि फळ्यावर एक ओळ लिहिली, जी मी घरी येऊन डायरीत मराठीत उतरवली. उजेड मोजायचा, माणूस नाही.

म्हणजे काय? खिडकीतून येणारा उजेड समोर कोण बसलंय त्यावर बदलत नाही. एकदा त्या उजेडाचे आकडे ठरवून एमवर ठेवले की पांढरा अभ्रा पांढरा येतो, चंद्रकळा काळी येते, शाल करडी येते. आकडे हलवावे लागत नाहीत. ऑटो प्रत्येक वस्तूला मधल्या करड्याकडे ओढतो. एम प्रत्येक वस्तूला तिच्या जागी राहू देतो.

मावसबहिणीची संक्रांत

हे वाक्य माझ्यासाठी कपड्यांपुरतं राहिलं नाही.

माझी मावसबहीण सावळी आहे. बाबांच्या अंगावर गेली आहे. आमच्या आईकडची मंडळी गोरी, त्यामुळे ती जन्मली तेव्हापासून मावशीने काय काय ऐकलंय ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. डाळीचं पीठ, साय, केशर, सगळं झालं. मुलगी एम.एस्सी. झाली, नोकरीला लागली, तरी स्थळांच्या वेळी फोटोचा प्रश्न यायचाच. गेल्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, छान झालं. जुलैत अल्बम आला. स्टुडिओने चेहरे असे उजळून दिले होते की ओळख पटेना. तिने अल्बम दोनदा चाळला आणि मला म्हणाली, “ताई, यातले हात माझे आहेत, तोंड दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.”

खरंच तसं होतं. मेंदीच्या फोटोत हात तिच्या रंगाचे, आणि त्याच हातांवर टेकवलेला चेहरा दोन छटा गोरा. मावशीला मात्र अल्बम आवडला. त्यातलाच एक फोटो मोठा करून तिने दिवाणखान्यात लावला. यावर दोघींचं फार बोलणं झालं नाही. आमच्या घरात अशा विषयांवर बोलणं होत नाही, फोटो लागतो किंवा उतरतो.

या जानेवारीत तिची पहिली संक्रांत. सासरी देवासला हळदीकुंकू झालं, आणि नंतरच्या रविवारी राजेंद्रनगरला मावशीकडे माहेरचं. काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने! मंगळसूत्र, बाजूबंद, बिंदी, कमरपट्टा, सगळं पांढऱ्याशुभ्र हलव्याचं. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं, “ताई, फोटो तूच काढ. आणि मी दिसते तशीच दिसू दे.”

ज्यांनी कधी फोटो काढले आहेत त्यांना यातली गंमत कळेल. काळ्यात काळी साडी, पांढऱ्यात पांढरा हलवा, मध्ये सावळा चेहरा, शेजारी गोरीपान आजी आणि मागे चुन्याची पांढरी भिंत. एक्स्पोजरची परीक्षाच म्हणा ना.

बायका येण्याआधी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. ट्यूबलाइट बंद केली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात आणि दोन्ही मिसळले की कातडीच्या रंगाचा विचका होतो. मग पडताळा म्हणून मुद्दाम ऑटोवर तीन फोटो घेतले. पहिला लांबून, भिंत भरपूर दिसेल असा. चेहरा काळवंडला. दुसरा जवळून, साडी फ्रेमभर. चेहरा उजळला, आणि हलव्याचे दाणे जाऊन नुसता पांढरा ठिपका राहिला. तिसरा आजीबरोबर. त्यात आणखी तिसराच रंग. एक खुर्ची, एक खिडकी, एक मिनिट आणि तीन मुली.

आता चकती एमवर. तिच्या चेहऱ्यापाशी माझा तळहात धरला आणि फ्रेम तळहाताने भरली. ही जुनी युक्ती आहे. माणूस गोरा असो वा सावळा, तळव्याच्या रंगात फारसा फरक नसतो, आणि तो मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून मीटर अधिक एकवर येईल असे आकडे ठेवायचे. आले ते असे. एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४००. आजी शेजारी बसली तेव्हा दोघीही स्पष्ट याव्यात म्हणून एफ/४ केलं आणि तो गेलेला एक स्टॉप आयएसओ ८०० करून परत दिला.

या आकड्यांवर पुढचा पाऊण तास सगळे फोटो झाले. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत कुठल्या उजळपणाचे किती बिंदू आहेत ते दाखवणारा आलेख, त्यात हलवा उजव्या टोकाजवळ होता पण टोकाला धडकलेला नव्हता, म्हणजे दाणे शाबूत. साडीची काळी झाक डावीकडे, तरी तिच्यावरच्या चांदण्या दिसत होत्या. पडताळा म्हणून स्पॉट मीटर तिच्या चेहऱ्यावर नेलं तर ते शून्याच्या किंचित खाली, आजीच्या चेहऱ्यावर एकच्या वर. दोघींमध्ये दीड स्टॉपचा फरक. तोच खरा फरक, आणि तो फोटोत तसाच आला. वाण लुटायला आलेल्या काकू, वहिनी, शेजारची पंजाबी ताई, प्रत्येकीच्या साडीचा रंग वेगळा, वर्ण वेगळा. आकड्यांना हात लावावा लागला नाही. फक्त चार वाजून गेल्यावर ऊन उतरलं तेव्हा शटर एका पायरीने हळू केलं, कारण तेव्हा उजेड बदलला होता.

मावशी तिळगुळाचं ताट घेऊन माझ्यामागे उभी होती. कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, “अगं, थोडी उजळ कर ना. तुला येतं ना ते?”

येतं. एक स्टॉप वाढवायला अर्धं सेकंद लागतं. पण तो वाढवला की आजी पांढरीफटक होते, हलव्याचे दाणे जातात आणि चंद्रकळा राखाडी होते. मी तसा एक फोटो काढून तिला दाखवला. तिने तो बघितला, मग आधीचा बघितला, आणि “दागिने त्यात छान दिसतायत” एवढंच म्हणून ताट घेऊन पुढे गेली.

दिवाणखान्यातला लग्नाचा फोटो अजून तिथेच आहे. पण मावशीच्या मोबाइलवर मुलीचा फोन आला की आता संक्रांतीचा फोटो झळकतो. तो तिथे कुणी लावला, हे मी विचारलेलं नाही.

हा कॅमेऱ्याचा दोष की आपला?

दोन्ही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो प्रयोगशाळांना एक नमुना कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि तिची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर, असं मानलं जाई. त्या कार्डावरच्या पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं पुढे १९९०च्या दशकात आली. म्हणजे कित्येक दशकं ‘बरोबर’ या शब्दाची व्याख्याच एका वर्णावर बेतलेली होती.

आज कार्ड नाही, पण फोनमधला ‘ब्यूटी’ मोड आहे, आणि एडिटिंगमध्ये एक स्लायडर आहे. तो सरकवणारा हात आपला आहे. आपल्याकडे ‘फोटो छान आला’ याचा अर्थ पुष्कळदा ‘गोरी आली’ असाच असतो. मॅन्युअल शिकल्याने समाज बदलत नाही. पण हा रंग कुठून आला, तो कुणी ठरवला, हे बघायची सवय लागते. आणि ठरवणारे आपणच असलो तर निदान विचार करून ठरवतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

नवा कॅमेरा घ्यायची गरज नाही. माझा सेकंड हँड आहे, आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ची साधी लेन्स. ही लेन्स सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि घरातल्या कमी उजेडात फार उपयोगी पडते.

पहिल्या आठवड्यात एफ/१६चा नियम वापरून उन्हातले फोटो काढा, मीटर न बघता. दुसऱ्या आठवड्यात वरचा अभ्रा, चंद्रकळा आणि शालीचा प्रयोग करा. तिसऱ्या आठवड्यात एकाच खिडकीपाशी घरातल्या सगळ्यांना एकेक करून बसवा आणि तळहातावरून ठरवलेले आकडे न हलवता सगळ्यांचे फोटो काढा. ते शेजारी शेजारी लावून बघा. घरातल्या माणसांचे वर्ण खरे कसे आहेत हे आपण इतक्या वर्षांत नीट बघितलेलं नसतं.

रात्री घरात एफ/१.८, १/१००, आयएसओ १६०० इथून सुरुवात करा. १/१०० का? आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटर फार वेगवान ठेवलं तर फोटोत काळ्या पट्ट्या येतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की लुकलुक पूर्ण मोजली जाते आणि पट्ट्या जातात. गौरीपुढच्या समईचा फोटो हवा असेल तर बाकीचे दिवे घालवा आणि एफ/१.८, १/६०, आयएसओ ३२००. खोली काळोखी आली तर येऊ द्या. समईच्या उजेडात खोली काळोखीच असते.

जमलं तर फाइल ‘रॉ’मध्ये साठवा. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. नंतर थोडं इकडेतिकडे करायला जागा राहते.

कॅमेरा नसेल तर फोनवरही पुष्कळ करता येतं. अनेक फोनमध्ये ‘प्रो’ मोड असतो, त्यात शटर आणि आयएसओ आपल्या हातात येतात. अ‍ॅपर्चर बहुतेक फोनमध्ये ठरलेलंच असतं, त्यामुळे दोनच आकडे सांभाळायचे. तोही मोड नसेल तर पुष्कळ फोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर कुलूपबंद होतं. आणि ब्यूटी मोड बंद करा, आज्जीच्या सुरकुत्यांसाठी तरी.

येत्या हळदीकुंकवाला, मुंजीला, बोरन्हाणाला कॅमेरा तुमच्या हातात आला तर एवढं करून बघा. खोलीत शिरल्यावर आधी उजेड कुठून येतोय ते बघा, तो एकदा मोजा आणि चकती एमवर ठेवा. मग समोर येईल त्याचा फोटो काढा, मामींचा, आजोबांचा, कोपऱ्यात बसलेल्या मुलीचा. उजेड सगळ्यांवर सारखाच पडलेला असतो.